डार्क रोमान्स : इशाऱ्याचे पान वाचकासाठी असते, नायिकेसाठी काय असते?

तळ्याकाठची (ठाणे) :

डार्क रोमान्स कादंबऱ्यांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, ते बहुधा दोनच सुरांत असते. ही पुस्तके म्हणजे बायकांनी बायकांच्याच अवहेलनेचे मांडलेले दुकान आहे, असे एक बाजू म्हणते. ज्याला जे रुचेल ते त्याने वाचावे, त्यात चर्चा कसली, असे दुसरी बाजू म्हणते. मी ही पुस्तके आवडीने वाचते आणि तरीही मला त्यांच्याशी भांडायचे आहे, म्हणून हा धागा काढत आहे. पुढे काही पुस्तकांतील कथानक उघड होईल. ज्यांना रसभंग नको आहे त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नायक हा माफिया टोळीचा वारस, अपहरणकर्ता, भाडोत्री मारेकरी किंवा नायिकेवर पाळत ठेवून असलेला इसम असतो. तो तिला धाक घालतो, कोंडतो, तिच्या फोनमधले निरोप वाचतो, तिच्याकडे पाहणाऱ्या दुसऱ्या पुरुषाची हाडे मोडतो, आणि चार-पाचशे पानांनंतर ती दोघे सुखाने नांदू लागतात. हा सुखांत लेखिकेच्या मर्जीवर सोडलेला नसतो. प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधानकारक व आशादायी हवा, असे अमेरिकेतील रोमान्स लेखकांच्या संघटनेने आपल्या व्याख्येतच म्हटलेले आहे, आणि डार्क रोमान्सही, अंधार कितीही दाट असला तरी, त्या व्याख्येतून बाहेर पडत नाही. नायिका यातून जिवंत आणि जोडीने बाहेर येणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. भीती वाटून घेण्याची सोय होते ती या खात्रीमुळेच.

टिकटॉकवर जून २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आली, त्यामुळे पाश्चात्त्य देशांत ज्या लाटेवर ही पुस्तके वर आली ती आपल्यापर्यंत इन्स्टाग्रामच्या रील्समधून पोहोचली. आता ती वाशी आणि नेरूळच्या मॉलमधील दुकानांत दर्शनी टेबलावर असतात: काळे मुखपृष्ठ, त्यावर काटेरी गुलाब किंवा कवटी, सोनेरी वर्खाची अक्षरे आणि रंगवलेल्या कडा. मात्र माझ्या पाहण्यातील बहुतेक वाचन फोनवरच चालते. ठाणे–वाशी लोकलच्या महिला डब्यात शेजारची मुलगी काय वाचते आहे हे कळायला मुखपृष्ठाचा उपयोग नाही. ती ऐरोली गेले तरी मान वर करत नाही एवढाच काय तो पुरावा.

आता मुद्द्याकडे येते. या पुस्तकांच्या आरंभी एक इशाऱ्याचे पान असते. पाठलाग, अपहरण, बळजबरी, शस्त्रे, रक्तपात, जुन्या अत्याचारांच्या आठवणी, अशी यादी तिथे दिलेली असते, आणि यांपैकी काही सोसवणार नसेल तर पुस्तक बाजूला ठेवावे, असे लेखिका बजावते. मला हे पान फार आवडते. इतर कोणत्याही प्रकारच्या कादंबऱ्यांत वाचकाला इतक्या सरळपणे विचारले जात नाही. मी होकार देते आणि पान उलटते. मग कथेत काय घडते? तिथे नायिका 'नाही' म्हणते आणि लेखिका लगेच पुढच्या परिच्छेदात सांगते, की तिचे ओठ नकार देत होते पण तिच्या शरीराने केव्हाच फितुरी केली होती. ही एकच क्लृप्ती मी इतक्या पुस्तकांत वाचली आहे, की आता तो परिच्छेद दुरूनच ओळखू येतो. बळजबरीचे चित्रण करायचे तर करा. पण नंतर ती बळजबरी नव्हतीच, तिलाही हवेच होते, असा दाखला नायकाच्या हाती का द्यायचा? जे पुस्तक मला आधी विचारते, तेच पुस्तक नायिकेला नंतर गप्प करते.

माझा आक्षेप काळोखाला नाही. काळोख दाखवून ऐन वेळी दिवा लावण्याला आहे. 'हॉन्टिंग अ‍ॅडलाइन' ही २०२१ ची कादंबरी घ्या. तिचा नायक नायिकेचा चोरून पाठलाग करतो, तिच्या घरात शिरतो. आणि हाच नायक मानवी तस्करी करणाऱ्या टोळ्यांचा संहार करत फिरतो. त्याच्या शेजारी त्याच्याहून शंभरपट नीच माणसे उभी केली, की वाचकाला त्याच्याविषयी निकाल द्यावाच लागत नाही. ही हिशेबाची चलाखी आहे आणि ती फार जुनी आहे.

किती जुनी? सॅम्युएल रिचर्डसनच्या १७४० च्या 'पामेला'मध्ये मालक मोलकरणीच्या मागे लागतो, तिला पळवून एका घरात डांबून ठेवतो, आणि तिने शील राखले म्हणून अखेर तिच्याशी लग्न करतो. तोच लेखक आठ वर्षांच्या आत 'क्लॅरिसा' लिहितो. तिथेही पुरुष तिला फसवून नेतो, तिच्यावर बलात्कार करतो, मग लग्नाचा प्रस्ताव ठेवतो. आणि क्लॅरिसा त्याला नकार देते आणि शेवटपर्यंत तो नकार मागे घेत नाही. आजचा डार्क रोमान्स हा 'पामेला'चा वंशज आहे. 'क्लॅरिसा'चा वंश पुढे चालला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मला सतावतो.

तुम्ही यांपैकी काही वाचले असल्यास, नकाराची अशी वासलात न लावणारे पुस्तक तुम्हाला भेटले आहे का?

पारसिक :

तुमची मांडणी पटली, मात्र एक व्यावहारिक शंका आहे. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत हा नायक नायिकेच्या घरात शिरणार कसा? रखवालदाराच्या वहीत नाव, फ्लॅट क्रमांक आणि येण्याचे कारण लिहून, वर फोन लागेपर्यंत त्याला खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावे लागेल.

सानपाड्याची :

पारसिक यांनी गंमत केली असली तरी त्यात एक खरी गोष्ट आहे. या कथा ओसाड टेकडीवरील वाडा, इटालियन माफियांचे बंगले, धनदांडग्यांची निवासी महाविद्यालये अशाच ठिकाणी घडतात, कारण तिथे शेजारी नसतात, रखवालदार नसतो आणि आत्या-मावश्याही नसतात. धोका आपल्या जिन्यावर आला की त्यातली मौज संपते. वाचणारीला हे अंतर हवे असते आणि लेखिकेला त्याची जाणीव असते.

मूळ लेखात १७४० वरून थेट २०२१ वर उडी मारलेली आहे, म्हणून मधले काही टप्पे नोंदवते. १९१९ साली 'द शेख' नावाची इंग्रजी कादंबरी आली. वाळवंटात एका इंग्रज तरुणीचे अपहरण होते, तिच्यावर बळजबरी होते आणि ती त्याच पुरुषाच्या प्रेमात पडते. पुस्तक प्रचंड खपले, १९२१ मध्ये त्यावर मूकपट आला आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो त्या भूमिकेने जगप्रसिद्ध झाला. पुढे १९७२ मध्ये 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आली आणि अमेरिकेत जाडजूड ऐतिहासिक प्रेमकथांचा पूर आला. त्यातही आरंभी नायक नायिकेवर जबरदस्ती करतो, कारण म्हणे तिला ओळखण्यात त्याचा गैरसमज झालेला असतो. ही तिन्ही-चारही पुस्तके पाहिली की लक्षात येते, की 'त्याला ठाऊक नव्हते', 'तिलाच ठाऊक नव्हते' आणि 'दुसरा याहून वाईट होता' या तीन सबबींवर हा सगळा डोलारा उभा आहे.

मात्र एक फरक मोलाचा आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ च्या आपल्या 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात एका छोट्या शहरातील रोमान्स वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून त्यांच्या वाचनाचा अभ्यास मांडला. त्या बायकांना क्रूर नायक नको होता, बलात्काराचे प्रसंग तर मुळीच नको होते. त्यांना शेवटी हळवा होणारा, काळजी घेणारा पुरुष हवा होता, आणि हातात पुस्तक असताना घरातल्यांनी आपल्याला हाक मारू नये एवढी सवलत हवी होती. तेव्हा पुस्तक उघडल्याशिवाय आत काय वाढून ठेवले आहे हे कळायचा मार्ग नव्हता. आज तो आहे आणि वाचणाऱ्या स्त्रिया यादी पाहून नेमके तेच पुस्तक उचलतात. इशाऱ्याचे पान जाहिरातीचेही काम करते, हे विसरून चालणार नाही.

पान_क्रमांक :

या चर्चेत पैशाचा भाग राहून जातो आहे. यातील पुष्कळ लेखिकांनी स्वतःच प्रकाशन केले, आणि त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग किंडल अनलिमिटेडसारख्या वर्गणी योजनांतून येतो. तिथे २०१५ पासून लेखकाला मोबदला मिळतो तो किती पाने वाचली गेली त्यावर. पुस्तक उघडून टाकून दिले तर हाती काही लागत नाही. मग प्रत्येक प्रकरण कड्याच्या टोकावर थांबवणे, एक कथा दोन भागांत तोडणे आणि पन्नास पानांच्या ऐवजाचे पाचशे पानांत पीठ मळणे हे ओघानेच येते. 'हॉन्टिंग अ‍ॅडलाइन'चा पहिला भाग नायिकेच्या अपहरणावर तुटतो, तो उगाच नव्हे.

तळ्याकाठची यांना खटकणारी ती 'शरीराची फितुरी' हीसुद्धा मला बऱ्याच अंशी घाईची खूण वाटते. नकार आणि होकार यांच्यामधले अंतर चालत जायला कसब लागते आणि वेळ लागतो. एका वाक्यात उडी मारता येत असेल तर वर्षाला तीन पुस्तके काढणारी लेखिका उडीच मारणार.

निशिगंधा_वाशी :

मी या पुस्तकांची नियमित वाचक आहे आणि मला मूळ लेखातील मुख्य मुद्दाच अमान्य आहे.

नायिका ही कोणी खरी बाई नाही, जिची संमती घ्यायची राहून गेली. वाचताना नायिका मी असते. इशाऱ्याच्या पानावर मी जो होकार देते तोच तिचा होकार आहे. फक्त तो कथेच्या आत लिहिता येत नाही, कारण लिहिला तर भीतीच उरणार नाही. 'नाही' म्हणणारी मी आणि पान उलटणारी मी, अशा दोघी एकाच वेळी तिथे असतात. कोणत्याही क्षणी फोन बंद करून मी या माणसाला नाहीसा करू शकते. प्रत्यक्ष आयुष्यात मला त्रास देणाऱ्या कुठल्या पुरुषाच्या बाबतीत ही सोय आहे? संध्याकाळी तुर्भे स्थानकाच्या पुलावरून जाताना मागून येणाऱ्या पावलांची भीती मी कोणी न विचारता रोज बाळगते. पुस्तकातली भीती निदान मी स्वतः निवडलेली असते आणि तिचा शेवट मला माहीत असतो.

शिवाय, आपण बाईच्या वाचनाला जितके प्रश्न विचारतो तितके पुरुषांच्या वाचनाला विचारत नाही. टोळीयुद्धांच्या आणि खुनांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या माझ्या भावाला 'यातून तू काय शिकणार' असे घरात कोणीही विचारलेले नाही.

अपील_दाखल :

निशिगंधा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. वकिलाच्या सवयीने दोन गोष्टी जोडतो.

पहिली अशी, की चर्चा या वळणावर आली की कोणी ना कोणी बंदीची मागणी करतो. (अजून कोणी केलेली नाही, पण धागा तरुण आहे.) मराठीपुरते बोलायचे तर हा खटला आपण लढून झालो आहोत. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'शामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील ठरत नसल्याचा निर्वाळा दिला. ते लेखन वाङ्मय म्हणून किती थोर होते हा प्रश्न वेगळा. केवळ लैंगिक विषय आला म्हणून लेखक गुन्हेगार ठरत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

दुसरी गोष्ट अशी, की या नायकांच्या प्रणयाचे बहुतेक प्रकार आपल्या कायद्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. बाईने नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणे, तिच्या इंटरनेटवरील हालचालींवर नजर ठेवणे, हे २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेत आले आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी एकीनेही अशा माणसाचे वर्णन 'गूढ' या शब्दात केलेले नाही. त्या म्हणतात, की नोकरी बदलावी लागली. घर बदलावे लागले. वाचकाने दोन्ही गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्यात एवढेच म्हणणे आहे, आणि बहुतेक वाचक त्या ठेवतात असा माझा समज आहे.

ऐरोलीची_आई :

मी यातले एकही पुस्तक वाचलेले नाही, परंतु धागा पूर्ण वाचला. माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या टेबलावर फुलांचे सुंदर चित्र असलेले एक पुस्तक होते, म्हणून मी कौतुकाने चाळले आणि मधलेच पान उघडले गेले. त्यातला मजकूर मला इथे लिहवत नाही. आमच्या वेळी मुखपृष्ठावर उघड्या छातीचा पुरुष असायचा, तो एका अर्थी बराच, कारण पुस्तक कशाचे आहे हे आईलाही कळत असे आणि मुलगीही ते कपाटात खाली दडवत असे.

मी तिला अजून काहीही बोललेले नाही. चित्रपटांना वयाचे प्रमाणपत्र असते. पुस्तकांना तशी काही व्यवस्था आहे का? नसल्यास मी काय करावे?

अपील_दाखल :

ताई, पुस्तकांसाठी चित्रपटांसारखी पूर्वप्रमाणनाची व्यवस्था आपल्याकडे नाही. काही प्रकाशक स्वतःहून 'प्रौढांसाठी' असे छापतात, तेवढेच. दुकानदाराने वय विचारल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

निशिगंधा_वाशी :

काकू, पुस्तक काढून घेऊ नका. ती उरलेले फोनवर वाचेल आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही. मी याच वयात सुरुवात केली होती. मला त्या वेळी कोणीतरी त्या पुस्तकाविषयी पुस्तकासारखे बोलायला हवे होते. म्हणजे हा नायक तुला का आवडला, त्याने तिचे दार बाहेरून लावून घेतले तेव्हा तुला काय वाटले, असे. 'शी, हे काय वाचतेस' ही प्रतिक्रिया मैत्रिणीच्या घरूनही मिळतेच. मात्र माझे स्पष्ट मत आहे, की इशाऱ्यात बळजबरीचा उल्लेख असलेली पुस्तके अठरा वर्षांच्या आतील मुलींनी वाचू नयेत, आणि तिथे 'मला आवडते' हा युक्तिवाद मी स्वतःही मानणार नाही. दोघी एकाच वेळी तिथे असण्याविषयी मी वर जे लिहिले, ते त्या वयात जमत नाही.

जुना_वाचक :

इंग्रजी पुस्तकांतले मला कळत नाही, परंतु हरणाच्या कथा आपल्याला परक्या नाहीत, म्हणून थोडे लिहितो.

महाभारतात सुभद्राहरण आहे. तिथे कृष्ण अर्जुनाला सांगतो, की स्वयंवरात मुलीचा कल कुणीकडे जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा तू तिला उचलूनच ने. सुभद्रेला काय वाटते, हे कोणी विचारत नाही. आता अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' पाहा. साल १८८२. कथानक तेच, हरणही तेच. पण नाटकातली सुभद्रा आधीपासूनच अर्जुनावर जीव लावून आहे, बलरामाने दुर्योधनाशी ठरवलेले लग्न तिला मान्य नाही, आणि तिची घालमेल आपण पदांमागून पदे ऐकत राहतो. पळवून नेण्यातली सगळी मौज किर्लोस्करांनी तशीच ठेवली आणि बळजबरी तेवढी काढून घेतली. गडकरी रंगायतनला मी हे नाटक ज्या ज्या संचात पाहिले, त्या प्रत्येक वेळी प्रेक्षक सुभद्रेच्या बाजूने होते. रुक्मिणीचे तर त्याहून स्पष्ट आहे. तिने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावून घेतले.

याच्या उलट अंबा. भीष्माने तिलाही रथात घालूनच आणले. तिने आपले मन शाल्वावर जडल्याचे सांगितल्यावर त्याने तिला सन्मानाने परत पाठवले, हेही खरे. पण शाल्वाने तिला स्वीकारले नाही, भीष्माची प्रतिज्ञा आड आली आणि तिचे आयुष्य मातीमोल झाले. व्यासांनी तिला भीष्माच्या प्रेमात पाडून कथा गोड केली नाही. तिला पुढच्या जन्मी शिखंडी करून त्याच्यासमोर उभी केली. ताईंनी ज्या क्लॅरिसेबद्दल लिहिले आहे, तिची थोरली बहीण मला ही वाटते.

सानपाड्याची :

जुना_वाचक यांना मनःपूर्वक +१. याला एक आजची पुरवणी जोडते. फोनवर मराठी कथामालिका देणाऱ्या अ‍ॅपवर शंभर-दीडशे भागांच्या ज्या कथा चालतात, त्यांतील कित्येकींचा नायक 'खडूस', गर्भश्रीमंत आणि संतापी असतो. सूड म्हणून, कर्जाच्या बदल्यात किंवा आजीच्या आजारपणाचे निमित्त करून तो नायिकेशी तिच्या मनाविरुद्ध लग्न करतो. पहिले चाळीस भाग तो तिला टाकून बोलतो, दंड पिरगळतो, माहेरी जाऊ देत नाही. कुठेही इशाऱ्याचे पान नाही, कारण गळ्यात मंगळसूत्र पडल्यावर इशारा कशाचा द्यायचा? इंग्रजी लेखिका निदान आधी कबूल करतात, की आम्ही भयंकर गोष्ट सांगत आहोत. आपल्याकडे तीच गोष्ट कौटुंबिक कथा म्हणून दुपारच्या चहाबरोबर वाचली जाते आणि खाली प्रतिसादात लोक 'पुढचा भाग लवकर टाका' म्हणतात. मीही तसे लिहिलेले आहे, हे वेगळे सांगायला नको.

तळ्याकाठची (ठाणे) :

सर्वांचे आभार. सानपाड्याची यांनी मराठी कथामालिकांविषयी जे लिहिले ते माझ्या मूळ लेखात असायला हवे होते इतके नेमके आहे. ऐरोलीची_आई, निशिगंधा यांचा सल्ला योग्य वाटतो. मी एवढेच म्हणेन, की बोलण्याआधी ते पुस्तक तुम्ही स्वतः पूर्ण वाचा. मधले पान वाचून सुरू झालेले बोलणे त्या मधल्या पानावरच अडकते.

निशिगंधा यांच्या आक्षेपावर मी बराच विचार केला. वाचणारी आणि नायिका एकच असतील तर वाचणारीचा होकार पुरेसा आहे, हा युक्तिवाद मला आजवर वाचलेल्यांत सर्वांत बळकट वाटतो. ज्या कादंबऱ्या संपूर्णपणे नायिकेच्या तोंडून सांगितल्या जातात, त्यांच्यापुरता मी तो स्वीकारते. परंतु आजकालची बहुतेक पुस्तके तशी नसतात. एक प्रकरण ती सांगते, पुढचे तो सांगतो. तो खिडकीबाहेर उभा राहून तिला केस पुसताना पाहतो, तिच्या सवयींची नोंद ठेवतो, ती आपलीच आहे असे ठरवून टाकतो, आणि हे सारे प्रथमपुरुषी एकवचनात असते. त्या पानांवर मी नायिका कशी असेन? मी तर त्याच्या डोळ्यांच्या मागे उभी राहून तिच्याकडे बघत असते. तिला ठाऊक नाही की कोणी पाहत आहे, आणि मला ठाऊक आहे. माझा होकार तिचा आहे असे म्हणायला तिथे जागा कुठे उरते?

निशिगंधा_वाशी :

ती पानेच तर मला सर्वांत जास्त आवडतात! आणि तिथेही मी तीच असते. कोणीतरी आपल्याकडे इतके लक्ष देऊन पाहत आहे, आपण चहात साखर किती घेतो हेसुद्धा त्याला माहीत आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. घरात आणि कचेरीत दिवसभर कोणीही आपल्याकडे धड पाहत नाही, अशा बाईला या लक्ष देण्याचे मोल काय वाटत असेल, याचा विचार करून पाहा. पाळत ठेवणारा पुरुष तिला नको आहे. तिला त्याचे लक्ष हवे आहे, आणि ते लक्ष गोळा करून आणणारे दुसरे पात्र या प्रकारच्या कथेत उपलब्ध नाही.

पान_क्रमांक :

हे वाचून थांबावेसे वाटले. पुरुष वाचक म्हणून मला त्या प्रकरणांत केवळ किळस दिसली होती.

तळ्याकाठची (ठाणे) :

निशिगंधा, लक्ष हवे असण्याचा मुद्दा मला पटतो आणि माझ्या मूळ लेखात तो नव्हता. तरी नकाराचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण साखरेचे प्रमाण ठाऊक असलेल्या माणसाला तिचा नकार मात्र ऐकू येत नाही.

तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी एक वेगळ्या तऱ्हेचे वाचन करून पाहिले, ते सांगते. माझ्याकडच्या दोन पुस्तकांतील नायकाची प्रकरणे वगळली आणि फक्त नायिकेची प्रकरणे सलग वाचली. पहिले पुस्तक तसेही उभे राहिले. नायिका भिते, चिडते, पळून जायचा प्रयत्न करते, एकदा पळून जातेही. मग बाहेर राहून, हातात पैसे आणि फोन असताना, ती स्वतः त्याला निरोप पाठवते. तो निरोप तिच्याच प्रकरणात आहे आणि त्यामागचे कारण, मला पटो न पटो, तिने तिथे लिहिलेले आहे. दुसऱ्या पुस्तकात मात्र नायिकेची प्रकरणे एकापाठोपाठ एक वाचत गेल्यावर ती त्याच्या प्रेमात कधी पडली, हे कुठेच सापडत नाही. एका प्रकरणात ती दाराची कडी चाचपून पाहते आहे आणि पुढच्या प्रकरणात त्याच्यासाठी जेवण गरम करते आहे. मधे जे घडले ते त्याच्या प्रकरणात आहे: 'तिच्या डोळ्यांत मला दिसले, की ती आता माझी झाली आहे.'